वारलू बेलीफ आणि शंभर मीटरचा हुकूम

वारलू मोहुर्ले कागद वाचायला उभा राहिला की गावातली कुत्रीही भुंकायची थांबतात, असं तालुक्याच्या कोर्टात गमतीने म्हणायचे. वारलू दिवाणी कोर्टाचा बेलीफ. समन्स, नोटिसा, हुकूम ज्याचे त्याच्या हाती नेऊन द्यायचे आणि दिल्याचा अहवाल लिहून आणायचा, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. बाकीचे बेलीफ कागद हातात कोंबत, सही नाहीतर अंगठा घेत आणि पुढची बस गाठत. वारलूचं तसं नव्हतं. अहवालाच्या कागदावर 'मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला' अशी ओळ छापलेलीच असते. त्या ओळीखाली आपली सही पडते, तर ती ओळ खरी असली पाहिजे, असं त्याने नोकरीच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

याला कारण होतं. वारलू लहान असताना त्याच्या बापाला असाच एक कागद कोणी तरी देऊन गेलं. बापाला वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्याला विचारायची लाज वाटली. त्याने तो कागद घराच्या आड्याला खोचून ठेवला. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाचा दावा होता. बाप तारखेला गेलाच नाही, आणि पुढच्या रोवणीला घरची धानाची बांधी दुसऱ्याच्या बैलांनी चिखलली. तेव्हापासून न वाचलेल्या कागदाचा वारलूला राग होता. तो अंगणात उभा राहून आधी कोर्टाच्या भाषेत वाचायचा, मग आपल्या बोलीत सांगायचा, मग 'समजलं ना जी?' म्हणून विचारायचा. समोरच्याने मान हलवली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. भोवती चार माणसं जमायची, तेही त्याला आवडायचं. खोटं कशाला बोला, माणूस आपल्या आवाजावर जरा खूष होता.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना नूतन दुर्गेचा दावा कोर्टात आला.

नूतन उमरटोल्याची. बाप नाही. आई बायनाबाई रोवणीला, कापणीला आणि उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला जाणारी. दहावीनंतर नूतन शिवण शिकली आणि गावातल्या बायांचे ब्लाऊज घरीच शिवू लागली. त्याच गावात प्रवीण नावाचा ट्रॅक्टरवाला होता. तिशीचा, अंगाने नीटस, बोलायला साखर. त्याने नूतनला मागणी घातली आणि नूतनने नाही म्हटलं. एवढीच गोष्ट. दुसरा एखादा चार दिवस तोंड पाडून बसला असता आणि पाचव्या दिवशी दुसरी पोरगी बघायला गेला असता. प्रवीणने तसं केलं नाही. तो नूतनच्या घरासमोर येऊन बसू लागला.

नुसता बसायचा. सकाळी चहा पिऊन यायचा, समोरच्या ओट्यावर बसायचा, दाराकडे बघायचा. शिवी नाही, शिट्टी नाही. नूतन बसने कापड आणायला निघाली की तोही बसमध्ये, मागून तिसऱ्या बाकावर. मोबाइल वाजायचा, उचलला की पलीकडे कोणी बोलायचं नाही, फक्त श्वास ऐकू यायचा. असं वर्षभर चाललं. मग एका दुपारी मायलेकी शेतावरून आल्या तर दाराचं कुलूप जिथल्या तिथे होतं, आणि आत शिवणयंत्राजवळ पाण्याचा अर्धा प्यालेला पेला ठेवलेला होता. घरातली एक सुईही गेली नव्हती. त्या दिवसापासून बायनाबाई दोन कुलपं लावू लागली आणि झोपेतून दचकून उठू लागली. मारणारा असता तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची, निदान दाखवायला वळ तरी असता.

पोलिसांनीही वळच मागितला. हात लावला काय, नाही. धमकी दिली काय, नाही. मग ओट्यावर बसण्याला कोणतं कलम लावू, असं विचारून त्यांनी अदखलपात्र म्हणून एक कागद दिला आणि कोर्टातून मनाई घेऊन या म्हटलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याच्या दारासमोर कोणी वर्षभर येऊन बसलं नसावं.

मायलेकी आधी पळाल्या. कोणाला न सांगता पहाटेच्या पहिल्या बसने सावली नावाच्या मोठ्या गावाला गेल्या, एका विधवा बाईच्या घरी मागची खोली घेतली. तिथल्या एका शिवणवर्गात नूतन शिकवायला लागली. दोन महिने शांततेत गेले. पण उमरटोल्यात प्रवीण नातेवाइकांच्या दारोदार फिरत होता आणि आज ना उद्या कोणाच्या तरी तोंडून निघणार, हे नूतनला कळत होतं. रश्मी वकील म्हणून एक तरुण बाई तालुक्याच्या कोर्टात काम करायच्या. त्या म्हणाल्या, लपून किती दिवस राहशील? कोर्टाचा हुकूम हाती असला तर तो मोडल्यावर पोलिसांना हलावं लागतं. म्हणून दावा दाखल झाला.

ज्या दिवशी दावा पुकारला त्या दिवशी वारलू अहवाल द्यायला कोर्टाच्या दारापाशी उभा होता. न्यायाधीश मॅडम नव्या होत्या, कामसू होत्या. त्यांनी शपथपत्र सगळं वाचलं, नूतनला दोन प्रश्न विचारले आणि समोरच्याला नोटीस जाऊन तो येईपर्यंत थांबणं बरोबर नाही, असं म्हणून तिथल्या तिथे तात्पुरता मनाई हुकूम द्यायचं ठरवलं. इतक्या लवकर हुकूम मिळणं म्हणजे त्या कोर्टात नवलच होतं. फक्त एक अडचण होती. अर्जात 'प्रतिवादीने वादीच्या जवळ येऊ नये' असं लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, जवळ म्हणजे किती? कशाच्या जवळ? वादी राहते कुठे, काम करते कुठे, बस कुठे पकडते, ते नेमकं लिहा. मोघम हुकूम मोडला की नाही हे उद्या मी कसं ठरवणार?

रश्मी वकिलांनी नूतनकडे पाहिलं. नूतनने सगळं सांगितलं. सावलीतला वॉर्ड, घरमालकिणीचं नाव, मागच्या खोलीचं दार कोणत्या गल्लीत उघडतं ते, शिवणवर्ग, वर्गाची वेळ, बसथांबा. टायपिस्टने ते एकेक टिपलं. घराच्या आणि वर्गाच्या दारापासून, तसंच बसथांब्यापासून शंभर मीटरच्या आत प्रतिवादीने पुढच्या तारखेपर्यंत येऊ नये. वारलूला तो हुकूम फार आवडला. एकतीस वर्षांत इतका स्वच्छ, कोणालाही समजेल असा हुकूम त्याने क्वचितच पाहिला होता.

दुसऱ्याच दिवशी तो घेऊन उमरटोल्याला गेला. मोहफुलांचे दिवस होते, अर्धं गाव जंगलात होतं. प्रवीण मात्र घरीच होता. त्याने वारलूला खाट टाकली, पाणी दिलं, 'बसा जी भाऊ, उनातून आले' म्हणाला. वारलूने शेजारचे दोघे पंच म्हणून बोलावले. पाच-सहा म्हातारे आपणहून आले. वारलू उभा राहिला, चष्मा लावला आणि वाचायला लागला.

प्रवीण हात बांधून ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "भाऊ, तो दुसरा परिच्छेद अजून एक डाव वाचा ना. मले बराबर समजून घेऊ द्या."

वारलूने वाचला. वॉर्ड, मालकीण, गल्ली, वर्ग, वेळ, थांबा. मग बोलीत समजावून सांगितला. प्रवीणने विचारलं, शंभर मीटर कुठून मोजायचे, कंपाउंडपासून की दारापासून? असा प्रश्न आजवर कोणत्याच प्रतिवादीने विचारला नव्हता. वारलू खूष झाला. दारापासून, तसं इथे लिहिलंच आहे, म्हणून त्याने बोट ठेवून दाखवलं. प्रवीणने वळणदार अक्षरात सही केली. इतका समजूतदार माणूस उगाच भानगडीत पडला, असं वारलूच्या मनात येऊन गेलं.

तो निघाला तेव्हा घराच्या मागच्या कुंपणापाशी प्रवीणची म्हातारी आई उभी होती. तिने वारलूला खुणेने थांबवलं आणि घराकडे एकदा पाहून हळू आवाजात बोलली.

"भाऊ, दोन महिने झाले, तो तिचा पत्ता ढुंढून राह्यला होता. नातलगाच्या पाया पडला, कोनी नाई सांगतला. तुमी दोन डाव वाचून दाखवला."

वारलू तिथेच उभा राहिला. मग तो रस्त्याला लागला. आपल्या गावच्या बसमध्ये न बसता त्याने सावलीची बस धरली. सगळ्या वाटेने त्याला आपलाच आवाज ऐकू येत होता.

नूतन वर्गातून नुकतीच आली होती. वारलूने दारातच सांगून टाकलं, पोरी, तुझा पत्ता त्याला माझ्या तोंडून कळला. त्याला वाटलं, ती ओरडेल, रडेल. नूतन शांत होती. ती म्हणाली की हे तिला कोर्टात सांगतानाच कळलं होतं. वारलूने न वाचता कागद नुसता हातात दिला असता तरी तेच झालं असतं, कारण कागद प्रवीणसाठीच होता.

"पत्ता नाई लिवला त कोर्ट त्याले कुठून दूर ठेवन, भाऊ? कागदावर भरोसा ठेवला. दुसरं माह्याजवळ होतं काय?"

चौथ्या दिवशी प्रवीण सावलीत आला. गल्लीच्या टोकाला, जिथे गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे चहाची टपरी होती आणि टपरीपुढे एक फळी टाकलेली होती. त्या फळीवर तो बसला. तिथून मागच्या खोलीचं दार सरळ दिसत होतं. नूतन वर्गात गेली की तो वर्गाच्या बाजूच्या रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीवर. बस पकडायला गेली की थांब्यापासून लांब, पिंपळाखाली. आता तो एकटा बसत नव्हता. शर्टाच्या खिशात घडी घालून कोर्टाचा हुकूम ठेवलेला असायचा. पोलीस आले की तो उठून नमस्कार करायचा आणि हुकूम काढून दाखवायचा. यात लिहिल्याप्रमाणे बसलो आहे, असं म्हणायचा. पोलीस तरी काय करणार? कागद वाचून परत जायचे.

रश्मी वकिलांनी हुकूम मोडल्याचा अर्ज केला. प्रवीणचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, रस्ता सार्वजनिक आहे, माझा पक्षकार हुकुमाचा मान राखतो आहे, हवं तर मोजून घ्या. मॅडमनी विचार केला आणि बेलिफाने पंचांसमक्ष अंतर मोजून अहवाल द्यावा, असा आदेश केला. दुसरा बेलीफ रजेवर होता. आदेश वारलूच्या हाती आला.

टेप घेऊन तो गेला तेव्हा अकरा वाजले होते आणि प्रवीण फळीवर होता. नूतन दारात उभी होती, तिच्या मागे बायनाबाई. टेप पन्नास मीटरची, म्हणून दोन वेळा लावावी लागली. दारापासून पन्नास, तिथे खडूची खूण, पुढे पन्नास, पुन्हा खूण. दुसरी खूण टपरीच्या अलीकडे पडली. वारलूने उरलेला तुकडा मोजायला टेप पुढे ओढली, तेव्हा प्रवीणने पाय वर उचलून तिला जागा करून दिली.

दोन मीटर आणि वर चार बोटं. वारलूने सगळं पुन्हा मोजलं. या खेपेला टेप इतकी ताणली की एक पंच त्याच्याकडे बघू लागला. तरीही एकशे दोनच भरले. पंच म्हणून घेतलेले दोघे तोंडाकडे बघत होते आणि गल्लीतल्या खिडक्या उघडल्या होत्या. नूतनने दारातून विचारलं, किती आले भाऊ? आयुष्यात पहिल्यांदा वारलूच्या तोंडून आवाज निघेना. शेवटी प्रवीणनेच सांगितलं. एकशे दोन, त्याने आधीच मोजून ठेवले होते.

तो अहवाल लिहायला वारलूने घरी दोन दिवस घेतले. अठ्ठ्याण्णव लिहायला काय लागत होतं? शाई तीच, सही तीच, आणि मॅडमनी वारलू मोहुर्लेच्या अहवालावर डोळे मिटून विश्वास ठेवला असता. त्याचा अहवाल कधी खोटा निघाला नव्हता, हे कोर्टात सगळ्यांना ठाऊक होतं. पण पंचांनी आकडा पाहिला होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वारलूचा हातच वळेना. त्याने एकशे दोन लिहिलं. मॅडमनी वाचलं, त्यांचा चेहरा उतरलेला वारलूने पाहिला. मनाई शंभर मीटरची आहे, प्रतिवादी त्याबाहेर आहे, अर्ज नामंजूर. अंतर वाढवून हवं असेल तर वेगळा अर्ज द्या, समोरच्याचं म्हणणं येऊ द्या. म्हणणं यायला चार आठवडे. मधे कोर्टाची उन्हाळी सुट्टी. पुढची तारीख जूनमधली पडली.

न्यायाधीश वाईट नव्हत्या, वकील वाईट नव्हत्या, आणि वारलू तर नव्हताच. तिघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. मला या गोष्टीत राग येतो तो इथेच.

मे महिन्यात ऊन असं पडलं की रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, पण फळीवर प्रवीण असायचा. शिवणवर्गातल्या पोरी एकेक करून यायच्या थांबल्या, कारण त्यांच्या घरच्यांना तो पायरीवरचा माणूस आवडत नव्हता. घरमालकीण चांगली होती, तरी तिनेही एक दिवस बायनाबाईला दुसरीकडे खोली बघा म्हणून सांगितलं. नूतन दिवसा खिडकी लावून बसू लागली. वारलू कामाच्या निमित्ताने सावलीला गेला की गल्लीत डोकावून यायचा. एकदा त्याने पाहिलं, फळी थोडी पुढे सरकलेली होती. तो खडूच्या पुसट खुणेपाशी गेला, पावलांनी मोजलं. शंभरच्या बाहेरच होती, पण आता जेमतेम. प्रवीण हसला आणि त्याने वारलूला चहा विचारला.

त्या दिवशी वारलूने घरी ताटावरून हात काढून घेतला. बायको गुणाबाईने कारण विचारलं. तो नोकरीतली गोष्ट घरात सांगणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्याने सगळं सांगितलं, प्रवीणच्या म्हाताऱ्या आईने कुंपणापाशी काय म्हटलं तेही. गुणाबाई ऐकत राहिली. तिने नवऱ्याच्या खरेपणाची एकतीस वर्षं किंमत मोजली होती, तिला त्याचं कौतुक कमी होतं.

"तुमचं कोर्ट त्याले सांगते, इथी इथी जाऊ नोको. म्हंजे ती कुठी आहे हे पह्यले त्यालेच सांगते. असं कुंपन कोन घालते जी?" असं म्हणून तिने ताट उचललं. मग चुलीपासून वळून म्हणाली, "माह्या भाचीले फोन लावा."

भाची रंजीता एका दूरच्या गावात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक बघत होती. कुठे, ते मी लिहिणार नाही. या गोष्टीत पत्ते आधीच पुष्कळ लिहून झाले आहेत. जूनच्या तारखेआधी आठ दिवस गुणाबाई स्वतः सावलीला गेली, डोक्यावर पाटी घेऊन, भाजी विकणाऱ्या बायांसारखी. तिच्यासोबत पाटी घेतलेल्या आणखी दोन बाया मागच्या गल्लीतून निघाल्या आणि भर बाजाराच्या दिवशी गर्दीतून निघून गेल्या. फळीवरच्या माणसाने बंद दाराकडे संध्याकाळपर्यंत पाहिलं.

जूनमध्ये दावा पुकारला तेव्हा नूतन हजर नव्हती. रश्मी वकील म्हणाल्या, पक्षकाराशी संपर्क होत नाही. मॅडमनी एकदम दावा काढून टाकला नाही. वादीला कोर्टाची नोटीस पाठवा, आली तर ठीक, असं म्हणाल्या. नोटीस वारलूकडेच आली. त्यावर सावलीचा तोच पत्ता होता, जो त्याने उमरटोल्याच्या अंगणात दोनदा वाचला होता.

तो गेला. दाराला कुलूप होतं. नियमाप्रमाणे त्याने दोन शेजारी बोलावले, मालकिणीला विचारलं, तिने माहीत नाही म्हणून सांगितलं आणि ते खरं होतं. मग टपरीपाशी बसून त्याने अहवालाचा कागद मांडीवर घेतला. फळी रिकामी होती. मग लिहिलं: 'वादी दिल्या पत्त्यावर राहत नाही. कुठे गेली याचा शोध घेतला. ठावठिकाणा लागला नाही.' खाली सही केली. एकतीस वर्षांत वारलू मोहुर्लेने लिहिलेला हा पहिला खोटा अहवाल. या वेळी हात वळला.

दावा वादीच्या गैरहजेरीत निकाली निघाला. त्याबरोबर मनाई हुकूमही संपला. शंभर मीटरही गेले आणि एक मीटरही गेला.

पुढच्या आठवड्यात दुपारी वारलू कोर्टातून बाहेर पडला तर फाटकापाशी प्रवीण उभा होता. हातात नक्कल विभागाचा शिक्का मारलेला कागद. दावा निकाली निघाला तरी त्यातला प्रत्येक कागद पक्षकाराला मागता येतो, आणि प्रवीण तर पक्षकारच होता. त्याने वारलूच्याच अहवालाची नक्कल काढली होती. नमस्कार करून तो सोबत चालायला लागला.

"भाऊ, मी कोर्टातल्या हापिसात नाझरसायबाले इचारलं. म्हनाले, मोहुर्ले बेलिफाने जंगलात तेंदूपत्त्याच्या फडावर जाऊन लोकाले कागद देल्ले, पुरात डोंग्यातून जाऊन देल्ले. ठावठिकाना नाई असं त्यानं आजलोक लिवलंच नाई." तो थांबला. आवाज अगदी मऊ होता. "म्हंजे तुमाले मालूम आहे."

बस आली. वारलू चढला आणि प्रवीणही चढला, मागून तिसऱ्या बाकावर बसला. वारलू आपल्या गावाच्या थांब्यावर उतरला, तोही उतरला. वारलू घरी गेला, हातपाय धुतले, गुणाबाईने चहा दिला. समोर शाळेच्या भिंतीला लागून एक दगडी ओटा आहे. प्रवीण त्या ओट्यावर बसला होता आणि दाराकडे बघत होता.

ही गोष्ट लिहिताना त्याला सव्वा वर्ष झालं. वारलू आता निवृत्त आहे. तो भाचीच्या गावाला जात नाही. फोन करत नाही, आणि आला तर उचलत नाही. दिवाळीला नाही, भाचीच्या घरच्या बारशालाही नवरा-बायको गेले नाहीत. बाजारात गेलं तरी मागे पावलं असतात. एकदा शेतावरून परतल्यावर घरात पाण्याचा पेला जमिनीवर दिसला. गुणाबाईने तो घासला नाही, नेऊन नदीत टाकला. शेजारी सांगतात, पोलिसात जा, कोर्टात जा, तुमच्या ओळखीचं आहे. वारलू हो म्हणतो आणि विषय बदलतो.

तो रोज सकाळी अंगणात खाट टाकतो, ओट्याकडे तोंड करून. वर्तमानपत्र उघडतो आणि मनातल्या मनात वाचतो. ओट्यावर माणूस दिसेपर्यंत त्याचं एका ओळीतही लक्ष लागत नाही. एखाद्या दिवशी प्रवीणला यायला उशीर झाला तर वारलू उठून रस्त्यापर्यंत जातो, बसथांब्याकडे बघतो. परवा असाच दहा वाजेपर्यंत ओटा रिकामा होता. गुणाबाई दारात येऊन म्हणाली, आज तरी सुटलो म्हणा. वारलूने वळून तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"असं नोको म्हणू," तो म्हणाला. "तो इथी बसून राहते, तवरलोक तो तिथी नाई."